कस्तुरीचे सांधे : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

९ जून २०२४

कस्तुरी ही घोडी काल संध्याकाळी टेम्पोतून आमच्या ठाण्याजवळच्या ओवळ्याच्या वाडीत उतरली. फळीवरून खाली येताना तिने मागचा डावा पाय टेकवायला इतका वेळ घेतला की, तिला धरून आणणाऱ्या माणसाने दोनदा लगाम ओढला. तिसऱ्यांदा तो ओढू नये म्हणून आमच्याकडे घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारकाकांनी दोरी स्वतःच्या हातात घेतली. ही कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी रंगाची, बारा हात दोन इंच उंचीची तट्टू जातीची घोडी आहे. घोड्याच्या मापातील हात म्हणजे चार इंच, तेव्हा खांद्यापाशी तिची उंची साधारण १२७ सेंटिमीटर भरते. लग्नाच्या वराती आणि बागेतील मुलांच्या रपेटी यांत तिचे आयुष्य गेले. आता ती चालत नाही आणि पोसणे परवडत नाही, म्हणून तिच्या मालकाने तिला आमच्याकडे सोडले. सोबत एका कागदात बांधलेली पांढरी पूड मिळाली. ‘अडली की एक चमचा द्या’, एवढीच तिच्याबद्दलची सूचना होती आणि कागदावर औषधाचे नावही नव्हते.

तिचे वय पंधरा सांगण्यात आले होते. काकांनी तिचा वरचा ओठ उचलून दात दाखवले. वरच्या जबड्यातील कोपऱ्याच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोक गाठते आणि मग हिरडीच्या बाजूने बुजत जाते. कस्तुरीची खाच वरून बुजायला लागली आहे. म्हणजे ती एकवीस-बावीस वर्षांची असावी.

या नोंदी ठेवण्याचे कारण असे की, ‘म्हातारी झाली, आता असेच चालायचे’ हे वाक्य काल संध्याकाळपासून मी चार जणांकडून ऐकले आहे. वय झाले हे खरेच आहे, पण तिला नेमके कुठे, किती आणि केव्हा दुखते हे कोणीही मोजलेले नाही. ते मोजायचे आणि प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा मोजायचे, असे मी ठरवले आहे.

११ जून २०२४

डॉक्टर बाई सकाळी आल्या. त्यांनी सर्वांत आधी ती पूड ताब्यात घेतली. नाव नसलेले वेदनाशामक पोटात असताना दुसरे सुरू केले, तर जठरात व्रण होण्याचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो, आणि तट्टांना हा त्रास मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर होतो. म्हणून आठवडाभर कोणतेही औषध न देता थांबायचे ठरले. ते दिवस तिला जड जाणार आहेत, हे त्यांनी आधीच सांगितले.

तपासणी दीड तास चालली. कडक, सपाट जमिनीवर आधी कदम (साधी चाल) आणि मग दुडकी (संथ धाव) चालवून पाहिली. नंतर मागचा डावा पाय पोटाकडे वाकवून साठ सेकंद धरला आणि सोडताक्षणी तिला दुडकीवर नेले. पहिली सात-आठ पावले तिने तो पाय जवळजवळ टेकवलाच नाही. लंगडण्याची तीव्रता शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. शून्य म्हणजे निर्दोष चाल आणि पाच म्हणजे पायावर भार घेणे जवळपास अशक्य. डाव्या पायाला तीन मिळाले, म्हणजे दुडकीवर कोणत्याही परिस्थितीत हटकून दिसणारे लंगडणे. उजव्याला दोन मिळाले, पण डावा जास्त दुखत असल्यामुळे उजव्याचे दुखणे झाकले जात असावे, असे बाई म्हणाल्या. दोन्ही मागच्या खुरांची टोके फरफटून झिजलेली आहेत आणि डाव्या पुठ्ठ्याचे मांस उजव्यापेक्षा उतरलेले आहे. यावरून हे दुखणे महिन्यांचे नसून वर्षांचे आहे, हे मलाही कळले.

दुपारी हातात धरण्याच्या यंत्राने क्ष-किरण चित्रे काढली. घोड्याच्या मागच्या पायाचा हॉक हा सांधा दिसतो उलट्या गुडघ्यासारखा, पण रचनेने तो आपल्या घोट्याशी जुळतो. तो एकच सांधा नसून एकावर एक रचलेल्या चार सांध्यांचा संच आहे. वाकण्याचे जवळजवळ सगळे काम सर्वांत वरचा सांधा करतो; खालचे दोन फारसे हलत नाहीत, ते धक्का आणि पीळ सोसतात. संधिवात बहुतेक वेळा या खालच्या दोघांतच होतो आणि कस्तुरीचेही तसेच आहे. डाव्या पायात या दोन सांध्यांमधील फट काही ठिकाणी दिसेनाशी झाली आहे, आणि कडेला हाडाचे टोकदार उंचवटे आले आहेत. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्यातील द्रव पातळ होऊन त्याचे वंगण कमी पडते, भोवतीचे आवरण सुजून जाड होते आणि शरीर आपल्या परीने हाड वाढवून तो भाग बांधून टाकू पाहते. झिजलेली कूर्चा परत येत नाही.

मात्र बाईंनी एक गोष्ट सांगितली आणि ती मी मुद्दाम सविस्तर लिहून ठेवत आहे. खालचे हे दोन सांधे मुळातच कमी हलणारे असल्यामुळे, कालांतराने ते हाडाने पूर्ण सांधले गेले, तर दुखणे कमी होऊ शकते आणि घोडा चांगला चालू शकतो. ते होईलच असे नाही आणि किती काळ लागेल तेही सांगता येत नाही. तोवर तिचे दिवस सुसह्य ठेवणे हेच या प्रकल्पाचे काम आहे.

१४ जून २०२४

आज वजन केले. काट्याची सोय नाही, म्हणून फितीने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजली. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केले की किलोंमध्ये अंदाजे वजन मिळते. घेर १५५ आणि लांबी १३० सेंटिमीटर भरली, त्यावरून २६३ किलो आले. हाताला बरगड्या लागत नाहीत आणि मानेच्या वरच्या कडेला चरबीची घट्ट वळी आहे. लंगडणाऱ्या घोडीला ‘ताकद यावी’ म्हणून भरपूर चंदी (दाणा) घातली गेली आणि काम बंद पडले, त्याचा हा परिणाम आहे.

तिच्या जुन्या मोतद्दाराला फोन करून तिच्या रोजच्या खाण्याची चौकशी केली. तो मुलगा मनापासून बोलला. सकाळ-संध्याकाळ गव्हाचा कोंडा, भिजवलेले हरभरे, गूळ आणि जवळच्या म्हशींच्या गोठ्यातून येणारे हत्तीगवत, असा तिचा आहार होता. डॉक्टर बाईंना हे सांगताच त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असते, तर हत्तीगवतातील ऑक्झॅलेट हे द्रव्य आहे तेवढे कॅल्शियमही बांधून टाकते. म्हशीच्या पोटातील जिवाणू ऑक्झॅलेटचा बराच भाग मोडून टाकतात, त्यामुळे ते गवत तिला मानवते. घोड्याचे पोट तसे नाही. कॅल्शियम सतत कमी पडले, तर शरीर ते हाडांतून काढून घेते, आणि मग आज या पायावर तर उद्या त्या पायावर असे फिरते लंगडणे दिसते. कस्तुरीच्या दुखण्यातील किती भाग संधिवाताचा आणि किती या आहाराचा, हे आज वेगळे करता येणार नाही. म्हणून पहिला बदल चाऱ्यातच करायचा.

कोंडा, गूळ आणि हत्तीगवत दहा दिवसांत हळूहळू बंद करायचे. त्याजागी सुके गवत, मूठभर लसूणघास आणि मापून खनिज मिश्रण द्यायचे. उपास मात्र मुळीच घडवायचा नाही. तट्टू एकदम उपाशी राहिले, तर अंगातील चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होऊ शकते. अडीचशे किलो वजनाला दीड टक्का धरला, तरी रोज पावणेचार किलो कोरडा चारा तिच्या पोटात गेलाच पाहिजे.

२३ जून २०२४

पाऊस लागला. पागेतील कोटा फरशी ओली झाली की शेवाळल्यासारखी निसरडी होते आणि कस्तुरी तिच्यावर चारही पाय ताठ करून उभी राहते.

मोजमापाची एक पद्धत ठरवली. शेडखाली बारीक माती चाळून बारा फुटांचा पट्टा तयार केला आहे आणि रोज सकाळी तिला त्यावरून सरळ चालवतो. निरोगी घोड्याचे मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडते. कस्तुरीचे डावे मागचे पाऊल ठशाच्या १४ सेंटिमीटर मागे पडते, उजवे ९. हे दोन आकडे रोज वहीत जातील.

३० जून २०२४

औषध सुरू होऊन आठ दिवस झाले. मेलॉक्सिकॅम दिवसातून एकदा, वजनाच्या किलोमागे ०.६ मिलिग्रॅम या हिशेबाने चालू आहे. वेदनाशामकांत हेच का निवडले, असे विचारल्यावर बाईंनी गिधाडांचा विषय काढला. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्याकडे बंदी आली, आणि त्याच कारणाने २०२३ साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांच्यावरही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. ओवळ्याच्या आभाळात मी गिधाड पाहिलेले नाही, तरीही हे कळल्यावर ते औषध हातात घेताना समाधान वाटले.

आजची खरी नोंद वेगळीच आहे. काल खरारा करताना काकांनी तिच्या दोन्ही पुढच्या पायांच्या फेटलॉक सांध्यांवर, म्हणजे खुराच्या जरा वरच्या सांध्यांवर, अगदी समोरच्या बाजूला, रुपयाएवढ्या जुन्या जखमा दाखवल्या. केस गेलेले, कातडी जाड झालेली आणि एका जखमेवर ताजे खरचटलेले होते. आम्हाला वाटले की, तिला दगडाची ठेच लागली असावी. फोटो पाहून बाईंनी विचारले, ‘ती आडवी होते का?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. तीन आठवडे ती आमच्याकडे आहे आणि ती झोपलेली कोणीही पाहिलेली नाही, हे त्या क्षणी लक्षात आले.

घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, कारण त्याच्या पायांतील बंधांची रचना स्नायूंचे फारसे बळ न लावता सांधे अडकवून ठेवते. पण जी गाढ झोप घेताना सगळे स्नायू सैल सुटतात, ती उभ्याने घेता येत नाही. त्यासाठी रोज थोडा वेळ तरी आडवे व्हावेच लागते. ज्याला खाली बसताना दुखते किंवा आपल्याला पुन्हा उठता येणार नाही असे भय वाटते, तो घोडा आडवा होण्याचेच टाळतो. मग दिवसेंदिवस साचलेली झोप त्याला उभ्यानेच गाठते, पुढचे पाय दुमडतात, तो फेटलॉकवर कोसळतो आणि दचकून पुन्हा उभा राहतो. त्या जखमा अशा कोसळण्याच्या आहेत.

जुना मोबाइल खांबाला बांधून काल रात्रभर चित्रण केले. आज दुपारी ते पाहिले. रात्री १ ते पहाटे ४ या वेळात ती पाच वेळा कोसळली. दोनदा तिने बसण्यासाठी गुडघे वाकवले, मागचे पाय फरशीवर घसरले, आणि ती पुन्हा ताठ उभी राहिली. मला ते चित्रण एका बैठकीत पाहवले नाही.

८ जुलै २०२४

आठवडाभर फक्त जमिनीचे काम केले. घोडा उठताना आधी पुढचे पाय लांब करून रोवतो आणि मग मागच्या पायांच्या रेट्याने अंग उचलतो. तो सगळा रेटा हॉकमधून जातो आणि त्याच क्षणी जमीन निसटली, तर झालेली जखम पायापेक्षा मनावर अधिक राहते. म्हणून फरशीवर रबरी चटया पक्क्या बसवून घेतल्या आणि त्यांवर वीतभर जाडीचा रंध्याचा भुसा पसरला. भुसा आणताना काळजी घ्यावी लागली. पहिल्या कारखान्यातील भुशात प्लायवुडचा डिंकाळ चुरा आणि दोन खिळे निघाले, तो सगळा परत केला. दुसरीकडून साध्या लाकडाचा, जाडसर आणि धूळ नसलेला भुसा मिळाला. भिंतीलगत तो उतरता रचला आहे, म्हणजे ती टेकून बसेल आणि भिंतीत अडकणार नाही. मधली फळी काढून दोन खणांचा एक खण केला, आता तो बारा फूट बाय चौदा फूट आहे.

५ तारखेच्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी ती आडवी झाली. आधी बराच वेळ भुसा हुंगत गोल फिरली, तीनदा गुडघे वाकवून थांबली आणि मग सावकाश खाली बसली. अकरा मिनिटांनी तिने मान टाकली आणि कुशीवर पडली. तिचे पाय झोपेत हलत होते. ती एकूण २६ मिनिटे आडवी होती. काकांनी हे चित्रण चार वेळा पाहिले आणि काही न बोलता चारा घालायला गेले.

१९ जुलै २०२४

नालबंद चाचा आले. मी त्यांना आधीच सांगितले होते की, ही घोडी मागचा पाय उचलू देत नाही आणि पूर्वी तिला त्यासाठी मार बसला आहे. चाचांनी पाय उचलण्याची घाई केली नाही. नेहमी पाय बाहेरच्या बाजूला ओढून मांडीवर घेतात. त्यांनी तो तिच्या पोटाखालीच, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच धरला आणि स्वतः जवळजवळ जमिनीवर बसले. मनात बारा आकडे मोजून होताच तिने पाय ओढला आणि त्यांनी लगेच सोडला. अशा तुकड्यातुकड्यांत दोन खुरांना पन्नास मिनिटे लागली. खुराचे लांब वाढलेले टोक मागे आणले आणि गोलसर केले, त्यामुळे पाऊल उचलताना खूर सहज पुढे कलंडतो आणि हॉकला कमी वाकावे लागते. नाल ठोकली नाही. दर पाच आठवड्यांनी यायचे त्यांनी कबूल केले.

जाताना त्यांनी अडखळत विचारले, ‘ताई, पहले के लोग ऐसे पाँव को दाग देते थे, डॉक्टर बाई को एक बार पूछ लो.’ तापवलेल्या लोखंडाने सांध्यावर डाग देण्याची ही पद्धत अजूनही अनेक तबेल्यांत चालते, आणि ती सुचवणाऱ्याच्या मनात बहुधा जनावराचे भलेच असते. बाईंनी चाचांना फोनवरच समजावले. डाग दिल्यावर घोड्याला काही आठवडे विश्रांती मिळते, त्या विश्रांतीने जो आराम पडतो तो डागाच्या नावावर जमा होतो. सांध्याला भाजण्याचा काहीही उपयोग नाही, आणि उपयोग नसताना दिलेल्या अशा वेदनेला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही मुभा देत नाही. चाचांनी ते शांतपणे ऐकले आणि ‘ठीक है, बाई’ म्हणाले.

२ ऑगस्ट २०२४

कस्तुरीने सकाळचा चारा अर्धा टाकला आणि ती दात खात उभी होती. शेणही पातळ होते. बाईंच्या सांगण्यावरून औषध त्याच क्षणी थांबवले आणि रक्त तपासायला पाठवले.

७ ऑगस्ट २०२४

रक्तातील प्रथिने आणि मूत्रपिंडांची मोजमापे ठीक आली. ती आता पूर्ववत खाते आहे. औषध अर्ध्या मात्रेने पुन्हा सुरू करायचे, आणि ज्या दिवशी पाणी कमी प्यायली असेल त्या दिवशी द्यायचे नाही. पाण्याच्या बादलीवर आतून लिटरच्या खुणा केल्या आहेत. अंगात पाणी कमी असताना ही औषधे मूत्रपिंडांना अधिक बाधतात, हे मला आधी कळले असते, तर बादली पहिल्याच दिवशी मापली असती.

२७ ऑगस्ट २०२४

खुराच्या तळाशी ओलीमुळे दुर्गंधी आणि काळपट सड. रोज दोनदा खूर खरवडून कोरडे करणे चालू आहे. पाऊल डावे ११, उजवे ८.

२४ सप्टेंबर २०२४

चालण्याचा कार्यक्रम आता बसला आहे. जुलैत सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांनी सुरुवात केली आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत आज एका वेळेस पस्तीस मिनिटांपर्यंत आलो. दुखऱ्या सांध्याला पूर्ण विश्रांती दिली तर तो अधिक आखडतो, आणि अचानक जास्त काम दिले तर सुजतो. या दोहोंमधील वाट रोज तिच्या पावलांकडे पाहून काढावी लागते. नियम थोडेच आहेत. वर्तुळात फिरवायचे नाही, कारण वळताना हॉकला पीळ पडतो. पहिली दहा मिनिटे तिच्या गतीने. मोठ्या रस्त्यावर अवजड गाड्यांची रांग कधी तुटत नाही, म्हणून तिकडे जायचेच नाही. डोंगराच्या बाजूने जाणारी मातीची पायवाट आहे तीच धरायची. जूनमध्ये ती मोकळी पडायला साठ-सत्तर पावले लागत, आता वीस-बावीस लागतात.

खरे तर तिने रात्रीही मोकळ्यावर हिंडायला हवे, संधिवाताच्या घोड्याला चोवीस तास मोकळे ठेवणे सर्वांत चांगले. पण आमच्या मागेच राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि बिबट्याचे ठसे आम्ही ओढ्यापाशी पाहिले आहेत. धावून निसटू न शकणाऱ्या म्हाताऱ्या घोडीला रात्री उघड्यावर ठेवता येत नाही. म्हणून पागेला जोडून जाळीने वरूनही बंद केलेले चाळीस फूट लांबीचे अंगण बांधले. चारा एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला ठेवतो. त्या निमित्ताने रात्रीत तिच्या दहा-बारा फेऱ्या होतात.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. काकांनी तिला न्हाऊ घालून झेंडूचा हार घातला आणि कपाळाला कुंकू लावले. शेजारच्या वस्तीतून एक गृहस्थ आले होते. डिसेंबरमध्ये मुलाचे लग्न आहे, घोडी शांत आहे, फक्त मंडपापर्यंत नवरदेवाला न्यायचे आहे, असे म्हणाले. मी त्यांना तिचे क्ष-किरण चित्र दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि जाताना तिच्यासाठी काकड्या देऊन गेले.

२ नोव्हेंबर २०२४

परवा रात्री फटाक्यांची लड अगदी कुंपणाजवळ फुटली. कानांत कापसाचे बोळे घातलेले असूनही कस्तुरी अंगणात भरधाव सुटली आणि टोकाला पोचून जागच्या जागी वळली. काल सकाळी डावा हॉक गरम आणि सुजलेला होता, लंगडणे कदम चालीतही दिसत होते. श्रेणी चार. गार पाण्याची धार वीस मिनिटे, दिवसातून तीनदा. औषध पूर्ण मात्रेवर, चालणे बंद. पाच महिन्यांचे काम एका वळणात मागे गेले, असे काल वाटले. आज ती आडवी झाली होती, नऊच मिनिटे, पण झाली होती.

१८ नोव्हेंबर २०२४

सूज उतरली आहे, पण डावे पाऊल १२ वर अडकले आहे. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे का, यावर बाईंशी आज दीर्घ चर्चा झाली. त्याने दाह लवकर ओसरतो आणि काही महिने आराम मिळू शकतो. पण तट्टांना लॅमिनायटिसचा, म्हणजे खूर आणि आतील हाड यांना बांधून ठेवणाऱ्या पापुद्र्यांचा दाह होण्याचा धोका मुळातच अधिक असतो, आणि स्टिरॉइड तो वाढवू शकते. म्हणून आधी रक्त तपासले. म्हातारपणी पीयूष ग्रंथीच्या बिघाडाने होणारा कुशिंग आजार तिला नाही. इन्सुलिन मात्र वाढलेले निघाले, आणि त्यानेही लॅमिनायटिसचा धोका वाढतो. इंजेक्शन पुढे ढकलले. या लंगडणाऱ्या पायाला वाचवताना चारही खूर धोक्यात घालणे मला पटले नाही, आणि बाईंचेही तेच मत पडले.

त्यातून एक चूक उघडी पडली. काका औषध गुळाच्या खड्यात लपवून देत होते, रोज एक खडा. त्यांना वाईट वाटले. पण जूनमध्ये गूळ बंद केला तेव्हा ‘औषधापुरताही नको’ हे मीच स्पष्ट सांगितले नव्हते. आता काकडीचा जाड तुकडा मधून कोरून त्यात औषध घालतो. सुके गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन मगच खायला घालायचे, म्हणजे त्यातील विरघळणारी साखर कमी होते. येथील दमट हवेत भिजवलेले गवत लवकर आंबते, तेव्हा एका वेळी लागेल तेवढेच भिजवायचे.

सांध्यांसाठी म्हणून अनेकांनी सुचवलेल्या ग्लुकोसामाइन या पूरकाच्या महागड्या डब्याऐवजी ते पैसे भुशावर खर्च करायचे ठरवले. पोटातून दिलेल्या ग्लुकोसामाइनचा घोड्यांमधील पुरावा कमकुवत आहे. ओमेगा-३ साठी दळलेले जवस थोड्या प्रमाणात सुरू केले आहे.

२६ डिसेंबर २०२४

डावे ८, उजवे ७. पहाटेच्या गारव्यात ती आखडते, म्हणून सकाळचे चालणे ऊन आल्यावर. आता आठवड्यातून चारच दिवस औषध लागते.

१६ जानेवारी २०२५

घेर १५०, लांबी तीच, वजन २४६ किलो. बरगड्या हाताला लागतात.

नवीन क्ष-किरण चित्रांत डाव्या पायाच्या सर्वांत खालच्या सांध्याची फट बाहेरच्या बाजूने हाडाने भरत आलेली दिसते. त्याच्या वरचा सांधा अजून अर्धवट आहे. उजव्या पायात मात्र झीज पुढे सरकली आहे. डाव्याचे दुखणे कमी झाले, तसे उजव्याचे दिसू लागले, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

चित्रे पाहून झाल्यावर त्यांनी माझ्याकडून एक काम करवून घेतले. कोणत्या अवस्थेत तिला आणखी ओढत ठेवायचे नाही, हे आज शांत डोक्याने लिहून ठेवा, त्या दिवशी तुम्हाला ते सुचणार नाही, असे त्या म्हणाल्या. काका आणि मी अंगणात बसून लिहिले. तिला आधाराशिवाय उठता येईना. औषध पूर्ण मात्रेवर असूनही सलग सात रात्री ती आडवी झाली नाही. चारा समोर असून ती तिथवर चालत जाईना. यांपैकी एक जरी झाले, तरी त्याच दिवशी बाईंना बोलवायचे. तिसरी ओळ काकांनी सांगितली. कागदावर दोघांनी सही केली आणि तो पागेच्या दाराला आतून लावला.

१४ फेब्रुवारी २०२५

चाचा ठरल्याप्रमाणे आले. काकांनी कस्तुरीला रबरी चटईवर उभे केले आणि चाचा नेहमीप्रमाणे खाली बसले. डावा मागचा पाय तिने स्वतः सैल सोडला. मी मोजत होते, सत्तरपर्यंत तिने तो ओढला नाही. उजवा पाय तिने तीसवर काढून घेतला, चाचांनी सोडला, थोड्या वेळाने पुन्हा मागितला आणि तिने दिला. दोन्ही खूर वीस मिनिटांत झाले.

पाऊल डावे ६, उजवे ७. काल रात्री दोन वेळा मिळून ४१ मिनिटे आडवी. फेटलॉकवरील जुन्या जखमांवर बारीक तपकिरी केस आले आहेत. उजव्या हॉकसाठी वाकवून पाहण्याची चाचणी बाई २१ तारखेला करणार आहेत, आणि भुशाची पुढची चार पोती सोमवारी आणायची आहेत.